वाळवंटातील माळढोक आणि धानाच्या बांधीतील सारस

पक्षी पाहावयास जावयाचे म्हटले, की शहरातील सुशिक्षित कुटुंबाच्या मनात प्रथम एखाद्या दूरच्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव येते. हल्ली नागपूर-मुंबईकडची पुष्कळ मंडळी हिवाळ्याच्या सुटीत जैसलमेरला जातात. तेथील किल्ला व हवेल्या पाहतात, उंटावर बसतात आणि एक दिवस वाळवंटातील राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवतात. ह्यात वावगे काही नाही. परंतु ज्या कारणाने ते उद्यान प्रसिद्ध झाले, ते कारण आपल्या घराजवळही आहे आणि तिकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. म्हणून आजच्या भाषणात मी श्रोत्यांना प्रथम थोडा वेळ त्या वाळवंटात नेणार आहे, आणि मग तेथून भंडारा जिल्ह्यातील तळ्यांच्या काठी परत आणणार आहे.

जैसलमेर व बाडमेर ह्या दोन जिल्ह्यांत मिळून हे उद्यान पसरलेले आहे. १९८० साली ते घोषित झाले. त्याचे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. वाळवंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्यांच्या लाटाच लाटा येतात. प्रत्यक्षात टेकड्यांचा भाग थोडा आहे. बाकीचा मुलूख म्हणजे खडकाळ पठार, मुरमाड माळ आणि सेवण नावाचे चिवट गवत. वर्षाचा पाऊस वीस सेंटिमीटरांच्या आसपास. एवढ्या कोरड्या जागी पाखरांनी काय म्हणून यावे, असे वाटेल. तरी हिवाळ्यात तेथे गरुड, गिधाडे, भाट तित्तर, धाविक अशा कितीतरी जातींची गर्दी होते. माळावर आडोसा नसल्यामुळे दूरवरचा पक्षीही दिसतो, हा तेथील निरीक्षकाचा मोठा लाभ होय. ह्याच प्रदेशाच्या पूर्वेस, फलोदीजवळील खीचन गावी, दर हिवाळ्यात हजारोंनी करकोचे उतरतात. गावकरी त्यांना धान्य टाकतात आणि पाहुण्यांप्रमाणे त्यांची काळजी वाहतात.

पण ह्या उद्यानाचा खरा धनी माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. उंची सुमारे मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत इतका वजनदार पक्षी क्वचितच सापडतो. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, घरटे न बांधता. ज्याच्या घरात वर्षाला एकच मूल जन्माला यावयाचे आणि ते कुत्र्या-कोल्ह्यांच्या वाटेवर ठेवावयाचे, त्याचा वंश किती सावकाश वाढणार हे सांगावयास नको. आता जगात ह्या जातीचे दीडशेच्या आतबाहेर पक्षी उरले असावेत, असा अंदाज आहे. आणि त्यांतील बहुतेक जैसलमेरच्या मुलखात आहेत.

हा पक्षी महाराष्ट्राला परका नव्हता. सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील माळांवर त्याच्यासाठी १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य करण्यात आले. नान्नज हे त्यातील सर्वांत परिचित ठिकाण. पुढे ह्या अभयारण्याची हद्द कमी करून ती १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावी लागली, कारण आरंभीच्या हद्दीत शेकडो गावे, शेते व बाजारपेठाच सामावल्या होत्या. आपल्या विदर्भातही चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याच्या बाजूस माळढोक दिसत असे. आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन होणे ही वर्तमानपत्रात छापण्याजोगी गोष्ट झाली आहे. कागदावर अभयारण्य राहिले. पाखरू मात्र गेले.

असे का झाले, ह्याचा विचार केला पाहिजे. वाघ जंगलात राहतो. जंगलाला सीमा घालता येते, चौकी बसविता येते. माळढोक मात्र माळावर, गवतावर आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या कडेला राहणारा पक्षी. त्याचे घर म्हणजे माणसाच्या जाण्यायेण्याची, गुरे चारण्याची आणि शेती करण्याची जागा. माणसाची वहिवाट बदलली, की त्याचे घर मोडते. जी भूमी आपण ‘पडीक’ म्हणून हिशेबात धरली नाही, तीच त्याची कुळवाडी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपण भंडाऱ्याकडे येऊ.

भंडारा जिल्ह्यात वाळवंट नाही. तेथे आहे ते पाणी. वर्षाला १२० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, मधून वैनगंगा वाहते आणि गावोगाव तलाव व बोड्या आहेत. लोक ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. १ मे १९९९ रोजी ह्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा नवेगावबांधचा प्रसिद्ध जलाशय तिकडे गेला. परंतु पाखरांना तहसील-जिल्ह्याच्या सीमा ठाऊक नसल्यामुळे आजच्या विवेचनात मी दोन्ही जिल्हे एकाच घरातील दोन खोल्यांप्रमाणे धरणार आहे.

हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, ही पहिली गोष्ट. ते माणसांनी बांधले. परंपरा अशी सांगते, की गोंड राजांनी उत्तरेकडून कोहळी लोकांना आणविले आणि जो कोणी तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची चाल घातली. कोहळ्यांनी उताराची पारख करून, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालून पाणी अडविले. नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी ह्यांनी घातल्याचे सांगतात. पुढे मालगुजारीच्या काळात ह्या तलावांची देखभाल मालगुजारांकडे होती, त्यामुळे त्यांना आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे सरकारी नाव आहे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार तलाव मोजले जातात.

तलावाची रचना साधी आहे. पाळीतून पाणी सोडण्याची जी वाट, तिला इकडे तुडूम म्हणतात. जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुढच्या तलावात जाते. अशा रीतीने एकाच ओघळीवर एकाखाली एक तलावांची माळ तयार होते. पावसाने ओढ दिली, की तुडूम उघडून धानाच्या बांध्यांना पाणी द्यावयाचे. म्हणजे रोवणी झालेले पीक वाचते. हा झाला शेतकऱ्याचा हिशेब. परंतु ज्या दिवशी ही पाळ बांधली गेली, त्या दिवशी कोहळ्यांनी नकळत पाखरांचेही एक नगर वसविले.

त्या नगरात मोहल्ले कसे आहेत ते पाहा. पाळीजवळचे पाणी खोल असते. तेथे पाणकावळे, टिबुकली आणि हिवाळ्यात येणाऱ्या लालसरी बदकांसारखे बुडी मारणारे पक्षी असतात. त्याच्या अलीकडे कंबरभर पाणी. त्यात कमळ, पाणवनस्पती आणि देवधान नावाचे रानटी भात वाढते. कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी असा चालत जातो, की पान बुडत नाही. ह्या पक्ष्यांच्या संसाराची रीत उफराटी असते. मादी अंडी घालून निघून जाते. अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे हे काम नर करतो. गवताच्या बेटांतून जांभळी पाणकोंबडी हिंडते. आणखी अलीकडे, जेथे पाणी घोट्याइतके उरते, तेथे बगळे, शराटी आणि उघड्या चोचीचे बलाक गोगलगाई शोधीत असतात. सर्वांत काठी चिखल. तो पाणलाव्यांचा आणि तुतवारांचा. पाळीवरच्या जुन्या झाडांवर ढोकरी-बगळ्यांच्या वसाहती होतात.

शिवाय हे नगर ऋतूप्रमाणे रूप बदलते. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो. दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरू लागते आणि रोज नवा चिखल उघडा पडतो. नेमक्या ह्याच दिवसांत उत्तरेकडील पाहुणे येतात. पट्टकादंब हा त्यांतील नामांकित प्रवासी. तिबेट व मंगोलियाच्या सरोवरांकाठी त्याचा उन्हाळा जातो. हिवाळ्यापूर्वी तो हिमालय ओलांडून भारतात उतरतो. पाठीवर यंत्रे बांधून शास्त्रज्ञांनी त्याचा प्रवास मोजला, तेव्हा काही पक्षी सात हजार मीटरांच्या उंचीवरून गेल्याचे आढळले. चक्रवाक, तलवार बदक, चक्रांग हेही ह्याच काळात येतात. तलाव बांधणाऱ्याने पाणी भातासाठी राखले. पण त्याचे उतरते पाणी आणि परदेशी पाहुण्यांचे येणे ह्यांचा असा मेळ बसला.

आता पाहावयाचे कसे, हे थोडक्यात सांगतो. उगवतीच्या आधी तलावावर पोहोचावे आणि सूर्याकडे पाठ करून बसावे. रंगाच्या मागे प्रथम लागू नये, कारण उलट उजेडात सगळेच पक्षी काळे दिसतात. आधी आकार, मग चोच, मग पाय, मग उडण्याची ढब आणि शेवटी रंग, हा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, उंच पायांचा पक्षी उडताना मान मुडपून घेत असेल तर तो बगळ्याच्या कुळातील. मान पुढे सरळ ताणून उडत असेल तर बलाक अथवा क्रौंच कुळातील. पुढे तो झाडावर जाऊन बसला, तर तो क्रौंच नव्हे. क्रौंचाच्या पायाचे मागील बोट आखूड व वर उचललेले असते. त्यामुळे त्याला फांदी पकडता येत नाही आणि त्याचा सारा जन्म जमिनीवर जातो. जवळ एक वही असावी. तीत तारीख, वेळ, जागा व संख्या लिहावी. दहा वर्षांची अशी वही असली, तर ती एका सुंदर छायाचित्राहून अधिक उपयोगी पडते.

ह्या क्रौंच कुळातील सर्वांत मोठा पक्षी म्हणजे सारस. जगातील उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ सहा फूट भरतो. अंग राखी, डोके व मानेचा वरचा भाग लालभडक आणि त्यावर पिसे नाहीत. नर व मादी दिसावयास सारखे, नर किंचित मोठा एवढेच. थव्याथव्यांनी दिसणाऱ्या करकोच्याप्रमाणे हा दूरदेशी जात नाही. तो ह्याच मातीत जन्मतो आणि ह्याच मातीत वाढतो. सकाळी जोडी एकत्र ओरडते, तेव्हा नराच्या एका हाकेला मादी दोन हाकांनी उत्तर देते, आणि तो तुतारीसारखा आवाज मैलभर ऐकू जातो. वाल्मीकींना ज्याच्या जोडीचा वियोग पाहून शोक झाला तो क्रौंच म्हणजे सारसच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बादशहा जहांगीर ह्याने सारसांची एक जोडी पाळून त्यांना लैला-मजनू अशी नावे दिली होती आणि त्यांच्या वागणुकीची टिपणे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविली. सतराव्या शतकातील एका राजाने केलेले ते पक्षिनिरीक्षण आजही वाचण्यासारखे आहे.

जोडीदार मेला म्हणजे दुसरा सारस अन्नपाणी सोडून प्राण देतो, असा आपल्याकडे समज आहे. सारसाची जोडी दीर्घकाळ टिकते हे खरे. परंतु जोडीदार गेल्यावर दुसरा जोडीदार केल्याची उदाहरणेही अभ्यासकांनी पाहिली आहेत. ह्यात सारसाची किंमत कमी होत नाही. उलट, ह्या समजुतीमुळेच कित्येक गावांत सारसाला कोणी मारीत नाही. पुष्कळ ठिकाणी कायदा पोहोचण्याच्या आधी ही कथा पोहोचली होती.

सारसाचा विणीचा हंगाम पावसाळ्याचा. देवधान, लव्हाळे, गवत अशा पाणवनस्पती उपटून तो उथळ पाण्यात मोठा ढीग रचतो. मादी त्यावर एक-दोन अंडी घालते. सुमारे महिनाभर दोघेही आळीपाळीने अंडी उबवितात. पिलू अंड्यातून बाहेर पडताच चालू लागते, पण त्याला उडता येण्यास तीन महिने लागतात. म्हणजे जुलै-ऑगस्टात घातलेल्या अंड्यातील पिलू दिवाळीनंतर कोठे आकाशात जाते. तोवर ते पायी हिंडणारे, कुत्र्याच्या तावडीत सहज सापडणारे असते. दोन पिले निघाली, तरी त्यांतील एकच मोठे होते असे बहुधा घडते.

येथे शेतकऱ्याचा प्रश्न उभा राहतो. तलावात गवत कमी झाले, की सारस धानाच्या बांधीत घरटे करतो. पऱ्हे लावून महिना झालेला असतो. त्यातील थोडे धान तो उपटतो आणि हातभर जागा तुडवितो. ज्याची जमीन दोन एकर, त्याला हे नुकसान हातभर वाटत नाही. शिवाय घरटे पाहावयास माणसे येऊ लागली, तर धुऱ्यावरून चालताना तीच अधिक धान तुडवितात. म्हणून सारस वाचवावयाचा असेल, तर शेतकऱ्याला उपदेश करून भागणार नाही. त्याचे समाधान झाले पाहिजे. गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत ‘सेवा’ ह्या संस्थेने व काही गावकऱ्यांनी हे ओळखले. घरटे कोणाच्या बांधीत आहे ते शोधावयाचे, त्या शेतकऱ्याला विश्वासात घ्यावयाचे आणि पिले उडेपर्यंत त्याच्या मदतीने पहारा ठेवावयाचा, अशी त्यांची रीत आहे. वैनगंगा व बाघ नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे. सारस दोन्ही काठांवर वावरतात, म्हणून गणनाही दोन्हीकडे केली जाते.

आता संख्येची गोष्ट. उत्तर प्रदेशात सारस हा राज्यपक्षी असून तेथील अलीकडच्या गणनेत त्याची संख्या २०,०००च्या आसपास भरली. महाराष्ट्रात मात्र तो गोंदिया, भंडारा व चंद्रपूर एवढ्या तीनच जिल्ह्यांत उरला आहे. गोंदियात तो काही डझनांच्या हिशेबात मोजावा लागतो. आणि भंडारा जिल्ह्यात? तेथे हाताची बोटे पुरतात. कित्येक गणनांत एका हाताचीही पुरली आहेत. ज्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणावयाचे, त्यात तलावांच्या राजाची ही स्थिती.

ह्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण तलावांचे. १९५१ साली मालगुजारी गेली. तो बदल न्यायाचाच होता. परंतु तलावांची मालकी सरकारकडे गेल्यावर गाळ काढणे, पाळ राखणे, तुडूम दुरुस्त करणे ही जी गावाची वार्षिक कामे होती, त्यांना धनी राहिला नाही. गाळाने तलाव उथळ झाले. उथळ झालेल्या जागी धान लावण्यात आले. उरलेल्या पाण्यात बेशरमीचे रान माजले. बेशरमी ही परदेशातून आलेली वनस्पती. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि जेथे ती शिरते तेथे देवधान व इतर उपयोगी पाणवनस्पती मागे हटतात. देवधान गेले, की सारसाचे घरटे गेले आणि माशांच्या पिलांचा आसराही गेला.

दुसरे कारण शेतीच्या पद्धतीचे. कीटकनाशके व तणनाशके बांधीतून तलावात उतरतात. बेडूक, गोगलगाई व किडे कमी होतात. सारस कंद, धान्य आणि किडे असे दोन्ही प्रकारचे अन्न खातो, तेव्हा विष त्याच्या पोटात दोन वाटांनी जाते. तिसरे कारण पाण्याच्या मोठ्या योजनांचे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले. त्याचा पायाभरणी समारंभ १९८८ साली झाला. त्याने शेतीला पाणी मिळते हे निर्विवाद आहे. परंतु विशाल, खोल जलाशय म्हणजे बोडी नव्हे. पाणी किती आहे ह्यापेक्षा ते किती उथळ आहे आणि त्याच्या काठी काय उगवते, हे सारसाला अधिक महत्त्वाचे असते.

चौथे कारण विजेच्या तारांचे, आणि येथे माळढोक व सारस ह्यांची नशिबे एकमेकांना भेटतात. हे दोन्ही पक्षी वजनदार. उडत असता एकाएकी वळणे त्यांना साधत नाही. दुसरे असे, की ह्या कुळांतील पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात; मान खाली करून जमीन न्याहाळीत उडताना समोरची जागा त्यांच्या नजरेच्या बाहेर पडते. दूरवरच्या शत्रूला ओळखणारा पक्षी हातभर अंतरावरच्या तारेला म्हणूनच धडकतो. जैसलमेरच्या माळावर वारा व ऊन ह्यांपासून वीज करण्याचे मोठे कारखाने झाले आणि त्यांच्या तारांनी माळढोकांचे बळी घेतले. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याविषयी आणि उरलेल्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा बसविण्याविषयी न्यायालयाने आदेश दिला. २०२४ साली, सूर्यापासून मिळणाऱ्या विजेचीही देशाला गरज आहे हे लक्षात घेऊन, तो आदेश बदलण्यात आला व तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. म्हणजे एका बाजूला धुराविना वीज, दुसऱ्या बाजूला एका जातीचे अस्तित्व. ह्यात कोणतीही बाजू खोटी नाही, म्हणूनच हा वाद कठीण आहे. आमच्याकडे तारा शेतपंपांच्या व गावांच्या आहेत. सारस मेल्याचे वृत्त इकडूनही अधूनमधून येते, आणि जेथे एकंदर पक्षीच काही डझन, तेथे एका जोडीतील एक गेला तरी तो मोठा तोटा होय.

उपाय मात्र दोन्हीकडे सारखे नाहीत. माळढोकासाठी २०१९ सालापासून जैसलमेरजवळ सम येथे अंडी कृत्रिम उबेने उबवून पिले वाढविण्याचे केंद्र चालू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी कृत्रिम गर्भधारणेने एक पिलू जन्माला आणले. हा मोठाच पराक्रम आहे. पण तो अखेरच्या घटकेचा इलाज आहे, हेही विसरू नये. घराला आग लागल्यावर विहीर खणावी लागली, आणि तीत दैवाने पाणी लागले, असाच तो प्रकार. सारसासाठी अजून ती वेळ आलेली नाही. त्याचे घर अद्याप उभे आहे. त्याची डागडुजी करावयाची आहे.

ती डागडुजी होऊ शकते, ह्याचा पुरावा ह्याच मुलखात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था तलावांवर जगणाऱ्या ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांबरोबर काम करीत आली आहे. ढिवरांना कोणत्या पाणवनस्पतीखाली कोणता मासा राहतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. त्यांच्या ह्या ज्ञानाच्या आधारे तलावातील बेशरमी उपटावयाची, उन्हाळ्यात तळ नांगरावयाचा आणि जुन्या देशी वनस्पती पुन्हा लावावयाच्या, हा त्यांचा क्रम. वनस्पती आल्या, म्हणजे देशी मासे येतात. मासे आले, म्हणजे ढिवरांच्या चुली पेटतात. आणि पाखरे न बोलाविता येतात. पाखरांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही, हे ह्या रीतीचे मर्म आहे.

न्यायालयाचे लक्षही इकडे वळले आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतः होऊन दखल घेतली. त्यानंतर गोंदिया, भंडारा व चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या झाल्या व योजना तयार करण्यात आल्या. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आणि भंडाऱ्याजवळील कोका अभयारण्य ही दोन्ही २०१३ सालची. वाघाला त्यांचा आधार झाला. परंतु सारस ह्या कुंपणांच्या आत राहत नाही. तो राहतो सात-बाराच्या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत अशा लोकांच्या जमिनीत. म्हणून त्याचे भवितव्य ग्रामसभेत, पाणीवाटपाच्या बैठकीत आणि धानाच्या धुऱ्यावर ठरावयाचे आहे. नान्नजच्या माळाने आपल्याला हाच धडा दिला. आठ हजार चौरस किलोमीटरांची रेघ नकाशावर ओढून पाखरू राहिले नाही, कारण त्या रेघेच्या आतील माणसे त्या कामात भागीदार झाली नव्हती.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांनी काय करावे, असा प्रश्न साहजिक आहे. दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली ह्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली ह्यांचा. चितमपल्ली ह्यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावच्या जलाशयाकाठी पुष्कळ काळ घालविला आणि तेथील पाखरांना मराठी घरांत आणून बसविले. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले. त्या आठवड्यात मुलांना घेऊन एखाद्या मामा तलावावर जावे. सोबत साधी दुर्बीण आणि वही असावी. सारस दिसला तर दोनशे पावलांच्या आत जाऊ नये. पावसाळ्यात घरटे आढळले तर त्याचे ठिकाण चारचौघांत सांगू नये अथवा छायाचित्रासह प्रसिद्ध करू नये. कारण माणूस जवळ गेला की पक्षी उठतो, आणि तो उठला की कावळा येतो. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत पाखरू दिसले, त्याच्याशी दोन शब्द बोलावे, त्याच्या धानाला काय भाव मिळाला ते विचारावे, आणि शक्य असेल तर तेच तांदूळ विकत घ्यावे. सारसाच्या रक्षणाचा हाही एक सरळ मार्ग आहे.

जैसलमेरला जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. अवश्य जावे आणि दैव अनुकूल असेल तर माळढोक डोळे भरून पाहावा. तो पाहताना एवढे मनात असू द्यावे, की हा पक्षी एके काळी आपल्या सोलापुरात आणि वरोऱ्यातही होता, आणि तेव्हा त्याला पाहावयास कोणी तिकीट काढून जात नसे. सारस आज भंडाऱ्याच्या बांधीत त्याच स्थितीत उभा आहे. त्याला पाहावयास अजून तिकीट लागत नाही. आपल्या नातवंडांना त्यासाठी दुसऱ्या प्रांतात जावे लागावे की घराजवळच्या पाळीवर, हे ठरविण्यास आपल्या हाती फार पावसाळे उरलेले नाहीत.